नात्यातलं लग्न

मी खोटं बोलले ते हिंदीत. "नहीं जी, हमारे यहाँ ऐसा नहीं होता." नुसतं 'नहीं' म्हटलं असतं तरी भागलं असतं, पण मला पहिल्यापासून गरजेपेक्षा चार शब्द जास्त बोलायची खोड. समोर लहान मुलांचे डॉक्टर बसले होते, माझ्या शेजारी तिवारी भाभी, आणि डॉक्टरांनी विचारलं होतं एवढंच की मुलीच्या आईवडिलांचं लग्न नात्यात झालंय का.

झालं होतं. मीच लावलं होतं.

आम्ही मूळचे गोंदियाकडचे. माझे यजमान गुलाब भिलाईच्या प्लांटमध्ये लागले आणि मी विसाव्या वर्षाच्या आत मरोद्याच्या क्वार्टरमध्ये आले. मुलगा राजदीप, मुलगी वंदना. क्वार्टरच्या व्हरांड्यात मी पंचवीस वर्षं बालवाडी चालवली. अर्ध्या कॉलनीने पेन्सिल धरायला माझ्याकडे शिकलंय, त्यामुळे मान होता, आणि खोटं कशाला बोलू, त्या मानाची मला चटक लागली होती. राजदीप हथखोजच्या एका कारखान्यात लागला, तसं मी माझा भाऊ भय्याजी याच्या मुलीचा, प्रेरणाचा, हात मागितला. मामाची मुलगी करणं आमच्यात नवीन नाही. माझ्या सासूबाई माझ्या सासऱ्यांच्या मामाचीच मुलगी होत्या. घरातली पोर घरात येते, सगळे खूश असतात.

पण भिलाईत आमच्या आजूबाजूला सगळे यूपी-बिहारकडचे. कॉलनीतल्या एका मुलीने मामाच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा माझ्याच व्हरांड्यात बसून तिवारी भाभी म्हणाल्या होत्या, "छी छी, भाई-बहन में शादी! कैसे लोग हैं!" भाभी मनाने वाईट नाहीत. अडीअडचणीला गाडी काढणारी बाई. पण ते ऐकल्यावर मी काय केलं? त्यांच्याबरोबर हसले. 'आमच्यातही होतं' असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. चौदा एप्रिलला विहारात माईकसमोर उभी राहून ताठ मानेने जगायच्या गोष्टी सांगणारी मी.

मग एका खोट्यासाठी दहा. राजदीपच्या लग्नाच्या पत्रिका मी दोन प्रकारच्या छापल्या. गावाकडे मराठी, कॉलनीत हिंदी. हिंदीतून 'मामा' ही ओळच गाळली, कारण नवरदेवाचा मामा आणि नवरीचा बाप एकच माणूस होता. रिसेप्शनला माझा सख्खा भाऊ माझ्यासमोर समधी, म्हणजे व्याही, म्हणून हात जोडून उभा राहिला, आणि मीही हात जोडले. प्रेरणाला सांगून ठेवलं, घरात आत्या म्हण, बाहेर मम्मीजी. बिचारीने नऊ वर्षांत एकदाही चूक केली नाही.

चूक केली ती दामिनीने, माझ्या नातीने. चार वर्षांची होती. तिवारी भाभींना अगदी कौतुकाने सांगायला लागली, "मेरे नाना है ना, वो मेरी दादी के भैया हैं." मी हसत हसत तिला मांडीवर ओढलं आणि पाठीमागून चिमटा काढला. कळवळली पोर. भाभी म्हणाल्या, "बच्चे भी क्या-क्या बोलते हैं!" मी म्हटलं, "हाँ, टीव्ही बहुत देखती है."

दामिनी सहाव्या वर्षी पडायला लागली. घराच्या उंबरठ्यात अडखळायची, सपाट रस्त्यावर गुडघे फोडून घ्यायची. मग अक्षर बिघडलं. सुबक अक्षर काढणारी मुलगी 'क' विसरली. मी तिला आळशी म्हटलं. व्हरांड्यात बसवून पानंच्या पानं गिरवून घेतली. परक्यांच्या मुलांवर मी कधी आवाज चढवला नाही, आणि हिच्यावर रोज ओरडत होते. परत अंथरूण ओलं व्हायला लागलं तेव्हा प्रेरणा घाबरली. "आत्या, हे आळसाचं नाई हाये. डॉक्टरले दाखवू."

तिवारी भाभींनी गाडी काढली, आत आमच्याबरोबर येऊन बसल्यादेखील. डॉक्टरांनी विचारलं आणि मी ते उत्तर दिलं. प्रेरणा मान खाली घालून बसली. राजदीप मोबाईलमध्ये बघत होता. दोघांपैकी कोणी काही बोललं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. माझ्या घरात माझ्यापुढे बोलायची पद्धतच मी ठेवली नव्हती.

फाईलवर लिहिलं गेलं, 'रिश्ते में शादी – नहीं'. आता दवाखान्यांची एक रीत असते. पुढचा डॉक्टर आधीच्या फाईलवरून उतरवून घेतो. विटामिन झाले, मसाज झाले, बूट झाले. दुसरे डॉक्टर म्हणाले नसांना सूज आहे, इंजेक्शनं झाली. प्रत्येक नव्या फाईलवर ते 'नहीं' उतरत गेलं. दहा महिने. तोवर दामिनी भिंत धरून चालायची, मग भिंत धरूनही चालेना. तिची जीभ जड झाली. मला हाक मारायची ती अर्धीच ऐकू यायची.

शेवटी रायपूरला एका मोठ्या दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. तिथल्या डॉक्टर पद्मजा, चाळिशीच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. फाईल चाळत विचारलं, "शादी रिश्ते में नहीं है, पक्का?" या वेळी तिवारी भाभी नव्हत्या. कोणीच परकं नव्हतं. प्रेरणाने तोंड उघडलं होतं, मी पाहिलं. आणि मी म्हटलं, "जो लिखा है, वही है मैडम." कारण आता खरं सांगायचं म्हणजे दहा महिन्यांचं खोटं कबूल करायचं. पहिल्या वेळी मला भाभींची लाज वाटली होती, दुसऱ्या वेळी माझीच.

तपासणीत आजार निघाला. नाव लांबलचक, मी ते कागदावर लिहून पाठ केलं. सोप्यात सांगायचं तर शरीरात एक रस तयार व्हायला हवा तो होत नाही, आणि मेंदूतल्या नसांवरचं अस्तर झिजत जातं. जन्मापासून असतो, दिसतो नंतर. आई आणि बाप, दोघांकडूनही तो दोष आला तरच मुलाला होतो. पद्मजा मॅडमनी धाकट्याचंही रक्त मागवलं. सुगत, चार वर्षांचा. पळत होता, झाडावर चढत होता, कॉलनीतल्या प्रत्येक कुत्र्याला नावाने ओळखत होता.

त्यालाही निघाला.

त्या दिवशी मॅडमनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्याच्या हाडातला मगज, बोन मॅरो, मुलाला दिला तर त्यातून तयार होणाऱ्या पेशी तो रस मेंदूपर्यंत पोचवतात. पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि आजार एकदा धावायला लागला की थांबून राहत नाही. म्हणून हा उपचार लक्षणं दिसायच्या आधी, नाहीतर अगदी सुरुवातीलाच करायचा असतो. सुगतचं होऊ शकतं. लवकर करावं लागेल, सहा महिन्यांच्या आत.

"और दामिनी?" राजदीपने विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "दामिनी के लिए देर हो गई है."

प्रेरणाने माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत एक खिडकी होती, तिच्यातून उडी मारावी असं मला वाटलं. हे मी वाढवून सांगत नाही.

आता सुगतसाठी मगज देणारं कोणीतरी हवं होतं. सख्खं भावंड सगळ्यात चांगलं, पण त्याचं एकच भावंड आणि ते त्याच आजारात. राजदीप अर्धा जुळला, प्रेरणा अर्धी. अर्ध्यावरही करतात, पण त्यात धोका जास्त. मॅडमनी परक्या दात्यांच्या यादीत शोध सुरू केला. पाच आठवडे गेले. सुगतशी पूर्ण जुळणारं कोणी नव्हतं. मी रोज त्याच्या चालण्याकडे बघायचे. तो उंबरठा ओलांडताना मी हातातलं काम टाकायचे.

पुढच्या भेटीत मॅडम फाईलवर पेन आपटत, जवळजवळ स्वतःशीच बोलल्या, "रिश्ते की शादी होती तो मैं दादा-दादी, नाना, मामा, बुआ, सबका सैंपल मँगवाती. ऐसे घरों में कभी-कभी पूरा मैच मिल जाता है. पर आपके यहाँ तो…"

माझ्या खोटेपणाने एका लेकराला खाल्लं होतं आणि तो आता दुसऱ्याच्या पायाशी येऊन बसला होता. मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली.

"शादी रिश्ते में है," मी म्हटलं. "बहू मेरे सगे भाई की बेटी है. मैंने झूठ बोला था. दोनों बार मैंने ही बोला. इन दोनों का कोई कसूर नहीं."

मला वाटलं आता ही बाई मला हाकलून देईल. निदान तोंड तरी वाकडं करेल. मॅडमनी ते 'नहीं' खोडलं, वर 'हाँ' लिहिलं, तारीख घातली, सही केली. दहा सेकंद लागले असतील. मग म्हणाल्या, "हम तेलुगु लोग हैं. मेरी माँ की शादी उनके सगे मामा से हुई है. मुझे क्यों बुरा लगता?"

मी पडलेली खुर्ची उचलून बसले. ज्या गोष्टीसाठी मी नऊ वर्षं घरादाराच्या तोंडाला कुलूप घातलं, ती या बाईच्या घरची रोजची गोष्ट होती.

मी विचारलं, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? मॅडम म्हणाल्या, अशा लग्नांतली बहुतेक मुलं धडधाकट असतात, लग्न करून तुम्ही काही गुन्हा केला नाही. पण आम्हाला माहीत असतं, तर ही तपासणी आधी सुचली असती. त्या वेळी दामिनी चालत होती. पुढे काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. त्या सांगू शकत नव्हत्या, पण मला कळत होतं.

त्या आठवड्यात गोंदियाहून भय्याजी आला, त्याचा मुलगा मोहित आला, मोहन नगरहून वंदना आली. सगळ्यांनी तपासायला रक्त दिलं, मीही. भय्याजी बाकावर माझ्या शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "ताई, तू मले समधी म्हनलं तवाच मले समजाले पायजे होतं." एवढंच. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पूर्ण जुळले ती मी. माझ्याकडून राजदीपमार्फत आणि भय्याजीकडून प्रेरणामार्फत सुगतला आलेले दोन्ही अर्धे भाग, आम्ही सख्खी भावंडं म्हणून, माझ्यात होते. तो दोषही अर्धा माझ्यात होता, पण मॅडम म्हणाल्या त्याने अडत नाही, तुमच्या अर्ध्यावर मुलाचं भागेल. गुलाब घरी येऊन म्हणाले, "कांता, तू वाचवलं पोराले." मी म्हटलं, "तुमी गप राहा." चौतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असं कधी बोलले नव्हते.

त्या उपचारासाठी हैदराबादला चार महिने गेले. ते सगळं सांगत बसत नाही. सुगतचे केस गेले, तोंड सोलून निघालं, काचेच्या पलीकडून तो मला कुत्र्यांची नावं विचारायचा आणि मी ती ओळीने सांगायचे. माझ्या कमरेच्या हाडातून काढलेल्या मगजाची लाल पिशवी त्याला थेंबथेंब चढली. एकविसाव्या दिवशी माझ्या पेशी त्याच्यात रुजल्याचं कळलं. आता वर्ष होत आलंय. पळतो. अजून दोन वर्षं नीट गेल्याशिवाय डॉक्टर काही कबूल करत नाहीत.

आणि मग माझा सत्कार ठरला.

आमच्या विहारातल्या महिला मंडळाच्या सिंधुताईंनी ठरवला. आजीने नातवाला जीवदान दिलं, श्रीफळ नको, पण शाल आणि पंचशीलाचं पुस्तक तरी द्यायलाच पाहिजे. मी नको नको म्हटलं, ते त्यांना विनय वाटला. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली, सिंधुताई दहा मिनिटं माझ्याबद्दल बोलल्या. धैर्य, त्याग, आदर्श आजी. समोर पन्नासेक बायका, पुष्कळजणींच्या मांडीवर लेकरं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात माईक दिला. मी ठरवून आले होते की सांगायचं. बायकांची तोंडं पाहिली, त्यात माझ्या बालवाडीत शिकलेल्या चौघी होत्या, कौतुकाने माझ्याकडे बघणाऱ्या. मी म्हटलं, "सगळ्यांचे आभार," आणि माईक परत दिला. तिसऱ्यांदा.

शाल घेऊन घरी आले. प्रेरणा दामिनीला दूध देत होती. दामिनीच्या नाकातून नळी आहे, तीमधून पिचकारीने सावकाश सोडावं लागतं. दामिनीचे डोळे माझ्याकडे वळले. मला ओळखते असं प्रेरणा म्हणते, मला खात्री नाही, आणि ओळखत नसेल तर बरं, असंही कधी वाटतं.

"काय सांगतलं तिथं?" प्रेरणाने विचारलं.

"काई नाई. आभार मानले."

तिने पिचकारी संपवली. मग नळी बंद केली, दामिनीचं तोंड पुसलं.

"किती बाया होत्या?"

"असतीन पन्नास."

"लेकरं घेऊन?"

"हाव."

"त्यातल्या किती जनी मामाच्या नाई तं आत्याच्या घरी देल्ल्या हायेत, ते तुमाले माहीत हाये. चार जनींच्या लग्नात तुमी सोता होत्या. त्या पन दवाखान्यात नाईच म्हनतीन. तुमाले पाहूनच शिकल्या न त्या." तिचा आवाज चढला नव्हता. "मले तुमची माफी नोको, आत्या. रोज रोज तुमी माह्यासमोर रडता, तेबी नोको. तुमी परत जा."

मी तशीच निघाले. विहारात पंगत बसली होती, माईक काढून ठेवला होता. बरं झालं, मला तो लागत नाही. बालवाडीतल्या आवाजात मी म्हटलं, "बायांनो, हात थांबवा. मले एक सांगाचं हाये."

आणि सांगितलं. भय्याजी माझा भाऊ आहे इथून सुरुवात केली. दोन पत्रिका, चिमटा, गाडी, फाईल, दोन्ही 'नहीं'. दामिनी चालत होती तेव्हा मी काय बोलले आणि ती पडून राहिली तेव्हाही काय बोलले. मध्येच सिंधुताई म्हणाल्या, "कांताताई, बसा आता, राहू द्या." मी बसले नाही. कोणी टाळी वाजवली नाही. सगळ्या ताटाकडे बघत होत्या. दारात गुलाब उभे होते, त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. शाल मी सिंधुताईंच्या खुर्चीवर ठेवली. माझं तोंड इतकं तापलं होतं की मी सरळ मागच्या नळावर गेले.

तोंड धुऊन वळले तर मागे सुनिता उभी. तिचा नवरा तिचा आतेभाऊ, त्यांच्या लग्नात मी जेवले होते. तिच्या हातात उष्टं ताट तसंच होतं.

"काकू," ती म्हणाली, "दामिनीले पयले काय झालं होतं? एकदम पयले?"

"उंबरठ्यात अडखडे. मंग बिना कारनाची पडे."

सुनिताने ताट खाली ठेवलं. मग तिने आपल्या पाच वर्षांच्या मुलीला हाक मारली. पोरगी पुरी खात अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. "इकडं ये व. पयू नोको, चालत ये."

पोरगी चालत आली. आम्ही दोघी खाली तिच्या पायांकडे बघत होतो. मला तर काही वावगं दिसलं नाही. पण मला दामिनीच्या वेळीही काही दिसलं नव्हतं.

"तरी दाखवून घे," मी म्हटलं. "उद्याच जा. मी येतो संगं. आन् डॉक्टरनं विचारलं तं हो म्हन."